खंडेनवमीला थांबलेली टाकी

घडियाळी पोळ या जुन्या गुजराती गल्लीतल्या विश्वंभररावांचं नाक मोठं तिखट. तीस वर्षं रिफायनरीत काढून निवृत्त झाले, तर घरी स्वस्थ बसवेना. शहराबाहेरच्या एका छोट्या जैवइंधन प्रकल्पात टाकी सांभाळायला लागले. टाकीत भाताच्या पेंढ्यापासून काढलेला गोड रस, आणि तो खाऊन इंधन तयार करणारे जिवाणू. प्रकल्पप्रमुख आभाबेन मीटर बघायच्या, हे नुसता वास घेऊन सांगायचे, "आज पोरं मजेत आहेत." थोड्या वेळानं मीटरही तेच सांगे.

त्यांची एक खोड मात्र आभाबेनना पटत नसे. टाकी जोरात असली की ते बाटलीभर रस काढून, घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवायचे.

"काका, हे दही नाही हं!"

"विरजण संपू द्यायचं नसतं, बेन. आमची बायको, कांचन, गावाला जाताना वाटीभर शेजारी देऊन जाते."

मग गेल्या वर्षीची खंडेनवमी आली. रिफायनरीच्या वर्कशॉपमध्ये दरवर्षी यंत्रं थांबवून, पुसून, झेंडू वाहायची सवय. त्या सवयीनं इथंही त्यांनी सगळं बंद केलं: ढवळणी, टाकीची ऊब, आत हवा शिरू नये म्हणून सोडलेला नायट्रोजनसुद्धा. कुंकू लावलं, हात जोडले, घरी गेले. एक दिवस विसावा! आत जीव आहेत, हे त्या शहाण्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही.

दसऱ्याला फाफडा-जिलेबीचा पुडा घेऊन आले, तर टाकीला वासच नाही. थंड होताना तिनं बाहेरची हवा ओढून घेतली होती, आणि या जिवाणूंना हवा म्हणजे विष. मूळ वाण प्रयोगशाळेत होतं, पण त्याला पेंढ्याची गोडी लावायलाच आठ महिने गेले होते. पंधरा दिवसांनी पाहणी. तेव्हा टाकी चालली नाही तर प्रकल्प बंद.

वीज गेली म्हणाले असते, तरी कुणी खोदून विचारलं नसतं. विश्वंभरराव आभाबेनच्या दारात उभे राहिले.

"बेन, पोरं मी मारली. पूजेसाठी टाकी मीच बंद केली."

एवढं बोलून साठी ओलांडलेला तो माणूस ढसाढसा रडला. आभाबेन रागावल्या होत्या. मग उठल्या.

"काका, तुमचं विरजण कुठं आहे?"

टाकी धुऊन, नवा रस भरून बाटली ओतली. चार दिवस काही नाही. विश्वंभरराव जेवणाचा डबा तसाच परत न्यायचे. पाचव्या दिवशी सकाळी ते दारातूनच ओरडले, "आली! पोरं आली!" पाहणीच्या दिवशी टाकी जोरात होती.

यंदा खंडेनवमीला त्यांनी लाजेनं रजा मागितली. आभाबेननी दिली नाही. "पूजा तुम्हीच करायची. चालो, लवकर या."

आले, तर टाकी चालूच होती आणि तिच्यावरचा झेंडूचा हार थरथरत होता. कुंकवाची कुयरी हातात घेऊन ते वळले आणि थबकले. एक हार फ्रिजलाही होता, आणि खाली आभाबेनच्या अक्षरात चिठ्ठी: 'काकांचं विरजण. संपवू नये.'