डिक्कीतली वीट

ढाणकीच्या ज्या गृहस्थांनी आपली जुनी गाडी मला विकली, ते दर बाजाराला महागावात तिला भेटायला येतात. मी कुठलाही बिघाड सांगितला की बॉनेटवर हात फिरवत म्हणतात, "माह्याकडं असतानी असं नव्हतं, सर." विकताना त्यांनी एवढंच बजावलं होतं, "डिक्कीतली इट काढू नोका. लय साथ देल्ली तिनं." मी भाविक माणूस. दर दसऱ्याला गाडीबरोबर त्या विटेलाही हळदकुंकू वाहत आलो.

काल फिटनेस तपासणीला तेही सोबत होते. इन्स्पेक्टरने उतारावर हँडब्रेक ओढायला लावला. मी ओढला आणि गाडी निवांत मागे निघाली.

"चाकाले इट लावा ना!" ते ओरडले. "कायले देल्ली मंग?"

गाडी नापास झाली. त्यांनी डिक्की उघडली आणि हळदीने माखलेली वीट बाहेर काढून तिच्यावरून हात फिरवला.

"माह्याकडं असतानी इट बी अशी नव्हती, सर."