अक्षता पडल्या तेव्हा

“माझाच फोन डब्बा आहे, साहेब. बायको आठ दिवस झाले बोलंना माझ्याशी.”

गुलमंडीतल्या आमच्या स्टुडिओत मी काचेच्या पार्टिशनमागे बसत असे. लग्नांचं थेट प्रक्षेपण माझ्याकडे होतं. काउंटरवर बोलणारे काका कन्नड गावाहून आले होते. आदल्या आठवड्यात आम्ही दाखवलेल्या लग्नातल्या नवरीला लहानपणापासून ज्या मावशीने सांभाळलं, ती यांची बायको. तिचा पाय प्लास्टरमध्ये आणि फोन साधा, म्हणून तिने ते लग्न घरूनच यांच्या फोनवर पाहिलं होतं.

“अंतरपाट निघाला अन् नुसते चौकोन,” ते मालकांना सांगत होते. “पोरगी कुठंय, नवरदेव कुठंय, काय कळंना. चित्र साफ झालं तवर हार घालून मोकळे. बायको म्हणती, तुम्हाला एक फोन धड घेता आला नाय.”

“कन्नडला नेटवर्कच कुठंय, काका?”

“असं कसं? शेजारचा दिवसभर पिक्चर बघतो की त्याच्या फोनवर.”

मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. नेटवर्क चांगलं होतं आणि फोनही. हे मला लग्नाच्या दिवशीच माहीत होतं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. पडेगावकडे शेतांच्या जागी मंगल कार्यालयं उभी राहत होती आणि प्रत्येकाच्या मागे टँकर. पाण्यापायी पाहुणे कमी बोलवायचे, उरलेल्यांना लिंक पाठवायची, अशी पद्धतच पडत चालली होती. “गावाकडं नेट कमी असतं, जपून पाठवा,” एवढंच मालकांनी सांगितलेलं. बाकी सेटिंग माझ्यावर. मॅडम इंग्रजी शाळेत शिकलेल्या, त्यांना ते सगळं वाचता येतं, असं ते माझ्याकडे बोट दाखवून गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत. आणि मी वाचलंही होतं. एका परदेशी माणसाच्या लेखातून आकडे जसेच्या तसे उतरवले होते. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती पाठवायची ती मर्यादा, सहाशे किलोबिटवर बांधलेली. तो माणूस खुर्चीत बसून व्याख्यानं देत असे.

चित्रं आकसून नेटवर पाठवणारा एन्कोडर प्रत्येक चित्र पूर्ण पाठवत नाही; आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं, बहुतेक वेळा तेवढंच पाठवतो. खुर्चीतल्या माणसाचे ओठ हलतात, कधी हात हलतो. त्याला सहाशे पुरतात. सकाळी मी रिकाम्या स्टेजवर चाचणी घेतली, चित्र काचेसारखं स्वच्छ. मग शेवटचं मंगलाष्टक संपलं आणि शंभरेक लोकांनी उरलेल्या सगळ्या अक्षता एकदम टाकल्या. हजारो दाणे, प्रत्येक आपल्या वाटेने. सगळंच बदललं, आणि पाठवायची मर्यादा तेवढीच.

मी स्वतः किती लग्नांत मूठ भरून अक्षता टाकल्या असतील. अंतरपाट निघाला की काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. चाचणी घेताना त्यातलं काही आठवलं नाही. तो लेख तेवढा आठवत होता.

कोपऱ्यात बसून मी ते चौकोन माझ्या फोनवर पाहिले. नवरीचा चेहरा म्हणजे हळदीच्या रंगाचा एक ठोकळा. मर्यादा वाढवायची तर प्रक्षेपण थांबवून पुन्हा सुरू करावं लागलं असतं, आणि ते सगळ्यांना कळलं असतं. मी फोन टेबलावर पालथा ठेवला. रेकॉर्डिंगही त्याच प्रक्षेपणाचं, त्यामुळे त्यातही तेच. मालकांनी नंतर विचारलं तेव्हा मी म्हणाले, “नेटवर्क असेल.” आज ते काकांना माझंच खोटं सांगत होते, खरं समजून.

“बाजूलाच आपल्या दोस्ताचं मोबाइलचं दुकान आहे,” मालक म्हणाले. “माझं नाव सांगा, चांगला देईल.”

“तेच करतो. नवा फोन बघून तरी तोंड उघडंल.” काका निघाले आणि माझ्या काचेपाशी थांबले. “ताई, जरा बघता का? लई जुना नाय हो. टाकायचा जिवावर येतंय.”

मी फोन हातात घेतला. मागचं कंपनीचं पातळ प्लास्टिकसुद्धा त्यांनी काढलं नव्हतं. मालक माझ्याकडे बघत होते. फोन खराबच आहे अशी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

“काका, फोन घेऊ नका,” मी म्हणाले. “तुमच्या फोनचं काही बिघडलेलं नाही, नेटवर्कचंही नाही. चित्र इथूनच खराब गेलं, माझ्या चुकीमुळे. काकूंना फोन लावा, मी सांगते त्यांना.”