सहावी टाकी

आमच्या बाबांना घाई मानवत नाही. चहात साखर घालायची तर आधी अर्धा चमचा, मग ढवळणं, मग चव, मग पाव चमचा. तोवर चहा गार. आई म्हणते, "मला होकार द्यायलाच यांनी आठ महिने लावले."

ही खोड त्यांना कामातून लागली. बाबा मेणबत्त्यांच्या कारखान्यात आहेत. तिथे वितळलेल्या मेणाच्या टाक्या, आणि प्रत्येकीचं तापमान ठरलेल्या आकड्यावर राहायला हवं. कमी झालं की वाफेचा वाल्व्ह थोडा उघडायचा, वाढलं की बंद करायचा. हे सगळं भिंतीवरच्या पेटीतला पीएलसी नावाचा छोटा कॉम्प्युटर करतो आणि त्याला शिकवतात बाबा. त्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक टाकीचा वेगळा पीआयडी लूप, म्हणजे तापमान सांभाळणारा प्रोग्रामचा तुकडा, असतो. आतापर्यंत कितीने चुकलं ते लूप लक्षात ठेवतो आणि त्यावरून वाल्व्ह किती फिरवायचा ते ठरवतो. पाच टाक्या बाबांनी एकेक करून, आठवडा आठवडा खर्चून अशा बसवल्या की आकडा जागचा हलायचा नाही.

सहावी मात्र मालकांना दोन दिवसांत हवी होती.

ती सुरू झाली आणि नखरे करू लागली. तापमान कधी दहा अंश वर, कधी दहा खाली. मेण पिवळं पडायचं. टाकीवर कामाला असलेल्या ताई सांगून सांगून थकल्या.

"भाऊ, पाचवी चालू असली की हिचं बिनसतं. एकटी असली की शहाण्यासारखी वागते. हे बघा, वहीत लिहून ठेवलंय."

बाबांनी वही हातातसुद्धा घेतली नाही. "दोघींचे पाइप वेगळे, वाल्व्ह वेगळे. तुमचंच लक्ष नसेल," म्हणाले. हेच वाक्य मॅनेजरपर्यंत गेलं आणि सोमवारपासून ताईंना पॅकिंगला पाठवायचं ठरलं. वीस वर्षं मेणावर काढलेल्या बाईला खोकी चिकटवायला!

शुक्रवारी दुपारी बाबांनी सहज म्हणून प्रोग्राम उघडला आणि चूक सापडली. घाईत त्यांनी पाचव्या लूपची कॉपी करून सहावा बनवला होता, पण त्याला चुका नोंदवायला स्वतःची मेमरी द्यायची राहून गेली होती. दोन्ही लूप एकाच मेमरीत लिहीत होते. पाचवीच्या चुका सहावी आपल्याच समजून निस्तरत बसायची. उलटंही व्हायचं, पण पाचवी चौपट मोठी, तिला धक्का जेमतेम जाणवायचा. धाकटीची मात्र दैना.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. कुणी पाहिलं नाही. बाबा घरी आले ते थेट जेवायला बसले. आईने खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर पडलं.

"टाकी ठीक झाली ना आता?" आई म्हणाली. "मग ताईंचं काय?"

बाबा ताटातला भात चिवडत राहिले. मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर कीवही.

शनिवारी ते चहा न घेताच निघाले. मॅनेजरच्या केबिनमध्ये उभ्या उभ्याच म्हणाले, "चूक माझी होती. ताईंची नाही." मॅनेजरने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं, पण बदली रद्द केली. मग बाबा सहाव्या टाकीपाशी गेले.

"ताई, माझं चुकलं. टाकी काल दुरुस्त केली मी."

ताईंनी वही पुढे केली. या वेळी बाबांनी ती घेतली. शुक्रवारी दुपारी साडेतीनपासून एकच आकडा ओळीने लिहिला होता: अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर.

"ते मला कालच कळलं, भाऊ," ताई म्हणाल्या. "तुम्ही बोलताय का, तेवढंच बघत होते."