सतरा नंबरचा फॉर्म

सरांनी सगळ्यांसमोर माझ्या अहवालातल्या तीन ओळींवर लाल रेघ मारली.

"मॅडम, तुम्हा लोकांना शिवणवर्गातसुद्धा जातच दिसते का हो?"

टेबलाभोवतीचे हसले. ज्या संस्थेच्या वर्गाचं मूल्यमापन आम्ही केलं होतं, तिचे सचिवही हसले. भजी त्यांनीच मागवली होती. माझ्या तोंडात एक होतं. ते मी गिळलं.

त्या तीन ओळी एका काकूंच्या होत्या. शेंद्र्याजवळच्या एका गावातल्या, बौद्धवाड्यातल्या. त्यांचं नाव इथंही लिहिणार नाही. त्यांनी आधी माझं आडनाव विचारलं. ऐकलं आणि मोकळ्या झाल्या. आमची कंपनी मला वाड्यावस्त्यांवर पाठवायची ती याचसाठी.

"मशीनवर वरच्या गल्लीच्या बाया बसत्यात. आमच्या गल्लीच्या बायांना नुसती काजं-बटनं. वर्ष झालं, पायडलला पाय लावू दिला नाय. लिही पोरी, पण माझं नाव नको."

"नाव कुठंच जाणार नाही, काकू."

आता सचिव विचारत होते, "कोण म्हणालं हे? नाव नको. फॉर्मचा नंबर तेवढा सांगा."

आमच्या मुलाखतीच्या फॉर्मचे नंबर वर्गाच्या हजेरीच्या क्रमानं होते. हजेरीवही त्यांच्याकडंच होती. हे मला ठाऊक होतं.

"सतरा," मी म्हणाले.

आठवड्याभरात काकूंना वर्गातून काढलं. कारण दिलं, हजेरी कमी. खोडलेल्या अहवालावर मी सही केली.

उन्हाळ्यात काकू वारल्या. पोटाचं दुखणं होतं. वर्गामुळं गेल्या असं नाही. पण मशीन चालवायची राहूनच गेली.

मी त्यांच्या जलदानविधीला गेले. मागं बसले. त्यांची मुलगी पाणी घेऊन आली.

"ताई, नंबर तुम्हीच सांगितला व्हता ना?"

"व्हय."

"आईला म्हायती व्हतं. म्हणायची, आपलीच पोर हाय, नोकरीची भीती असंल तिला."

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते पाणी मला संपवता आलं नाही.

गेल्या महिन्यात पैठण रस्त्यावरच्या एका गावाचा अहवाल होता. तेच टेबल. संस्था दुसरी, प्रश्न तोच.

"फॉर्मचा नंबर?"

"सांगणार नाही."

सर हसत म्हणाले, "अहो मॅडम, घरचीच माणसं आहेत ही."

"म्हणूनच सांगणार नाही. आणि ओळी खोडल्यात तर सही करणार नाही."

समोरच्या बशीला मी हात लावला नव्हता. उठले.

घरी येऊन जुन्या अहवालाबद्दल पत्र लिहिलं. निधी देणाऱ्यांना आणि सरांनाही. बौद्धवाड्यातल्या बायकांना मशीनवर बसू दिलं जात नव्हतं. ते मी लिहिलं होतं. ते खोडलं गेलं, तरी मी सही केली. एका बाईचा नंबर फोडला, तोही मीच.

अजून उत्तर नाही. सोमवारी पुन्हा पाठवणार आहे. उत्तर येईपर्यंत पाठवत राहीन. पत्राखाली माझं पूर्ण नाव आहे, आडनावासकट.