भिवरामावशींची तीन पदरी दोरी

संध्याकाळची वंदना झाली की मी वहीत दिवसाच्या चार ओळी लिहिते. आज चार ओळींत भागणार नाही, कारण आज भिवरामावशींबद्दल लिहायचं आहे.

नेकनूरला बाजाराच्या रस्त्यावर, पिठाच्या गिरणीशेजारी पत्र्याचं एक दुकान आहे. पाटी नाही. दारावर एक जुनं टायर टांगलेलं, आणि आत लुगड्याचा काष्टा खोचून, मांडीवर चाक घेऊन बसलेल्या भिवरामावशी. वय साठीच्या पुढं. मालक गेले तेव्हा त्यांच्यामागं तासावर भाड्यानं द्यायच्या पंधरा सायकली उरल्या. दीर म्हणाले, विकून टाका. मावशींनी विकल्या नाहीत. शाळा सुटली की दारात पोरांची झुंबड. कुणाला कोणती सायकल द्यायची, ते मावशी पोराकडं एकदा बघून ठरवायच्या. "चुकीची दिली की पोरगं गुडघं फोडून यायचं, अन् मागनं त्याची आई भांडाया यायची. धा-बारा भांडणांत शिकले," असं त्या सांगतात. स्वतः मात्र आजवर सायकलीवर बसलेल्या नाहीत.

हे सगळं मी वर्षानुवर्षं बघत आले होते. त्याचा अर्थ या हिवाळ्यात कळला.

माझी आम्रपाली एकवीस वर्षांची. तिच्या कॉलेजातला एक गट दर डिसेंबरला सायकलीवर वेरूळच्या लेण्यांना जातो. तीन दिवसांचा रस्ता, मागं दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या. मागच्या वर्षी ही पण गेली. गेवराईच्या अलीकडं उसाची ट्रॉली आडवी आली. हिनं ब्रेक लावला, पाय टेकवायला गेली, तर पायाला जमीनच लागेना. सामानासकट आडवी झाली. उठून तशीच पुढं निघाली, पण गुडघ्यामागं अशी कळ भरली की संध्याकाळी टेम्पोत घालून आणावं लागलं. गटातलं कुणीतरी म्हणालं, हे हिच्याच्यानं व्हायचं नाही. गुडघा बरा झाला, ते बोलणं बरं झालं नाही. यंदा तिनं पुन्हा नाव दिलं, तेव्हा तिच्या पप्पांनी बजावलं, "या खेपेला टेम्पोत आलीस, तर पुन्हा सायकलीचं नाव काढायचं नाही." मी बुद्धमूर्तीपुढं बसायचे, पण मन त्या गेवराईच्या रस्त्यावर.

सायकल तिच्या पप्पांनीच आणलेली. ते शिक्षक. शाळेच्या भिंतीवर उंची मोजायच्या रेघा आहेत, तिथं पोरीला उभं केलं, मोबाइलवरच्या तक्त्यात उंचीपुढचं माप बघितलं, आणि फ्रेम त्याहून एक माप मोठी घेतली. गणवेश घेतात तशी.

निघायला पंधरा दिवस राहिले, तेव्हा आम्ही तिघं सीट खाली करून घ्यायला मावशींकडं गेलो. सीट आधीच तळाला टेकलेली होती. मावशींनी पोरीला गिरणीपर्यंत एक चक्कर मारायला लावली. पाठीमागून बघत होत्या.

"कंबर कशी हलतीय बघा, जात्यावर बसल्यावानी. पायडल खाली गेलं की पाय पुरंना. गुरुजी, सायकलच तिची न्हाई."

"अहो मावशी, उंची मोजून आणलीय. मोबाइलवर बघून."

"उंची मोजून बाज घ्यावी. सायकल पाय मोजून घेत्यात."

"एक माप मोठी असली तर बिघडलं कुठं?"

"एकवीस वर्साची हाय पोरगी. आजून किती वाढवायचीय तिला?"

आम्रपाली खुदकन हसली. तिचे पप्पा चष्मा पुसायला लागले. मावशी माझ्याकडं वळल्या. "पुनवंला विहारात खिरीची पंगत होती. ही तुझ्या शेजारी बसलती. बसल्यावर तुझ्या डोक्याच्या वर चार बोटं जात होती. उठली तर तुझ्याच बरोबरीला. ध्यानात न्हाई आलं कवा?"

जिला न्हाऊ-माखू घातलं, जिचे झगे शिवले, ती पोरगी धडानं लांब आणि पायानं आखूड आहे, हे मला एकवीस वर्षांत दिसलं नव्हतं. खीर खाता खाता मावशींना दिसलं.

आत पडद्याआड त्यांनी आम्रपालीला अनवाणी, टाचा भिंतीला लावून उभं केलं. "कडक पुठ्ठ्याचं काय हाय का? ही वही दे." माझ्या पिशवीतली हीच वही. पहिल्या पानावर त्रिसरण, पंचशील. मांड्यांमधे धरायला द्यायची? माझा हात अडखळला. मावशींनी लगेच ओळखलं. "त्यात वंदना हाय व्हय? मग ऱ्हाऊ दे." त्यांनी एक लाकडी फळी घेतली, दोन्ही मांड्यांमधे सीटसारखी घट्ट वर दाबून धरायला लावली, आणि फळीपासून जमिनीपर्यंत सुताची दोरी सोडून गाठ मारली.

बाहेर येऊन त्या दोरीची त्यांनी सारखी तीन पदरी घडी घातली. एक पदर सोडला. उरलेले दोन, दोन्ही पायडल जोडणाऱ्या मधल्या आसाशी धरून सीटखालच्या दांड्यावर वर ताणले. दांडा दोरीच्या वर चांगला चार बोटं उरला.

"दोन पदरांत दांडा सरला पायजे. हितंच चार बोटं जादा. पाय टेकंल कसा?"

गुरुजींनी फोन काढला. बराच वेळ काहीतरी शोधलं, टेपनं दोरी मोजली, गुणाकार केला. मग फोन खिशात ठेवला. "इथल्या हिशेबानंही दोन पदरच येतात," एवढंच म्हणाले.

आठवडाभरानं बीडहून लहान फ्रेम आली. जुन्या सायकलीची चाकं, गिअर, ब्रेक मावशींनी तिच्यावर चढवले. हँडल पुढं धरणारी मान तेवढी लांब घातली. "धड लांब हाय पोरीचं. नुसती फ्रेम बारकी केली तर वर कोंबल्यावानी बसंल." आडवा दांडा दोन्ही पायांमधे घेऊन उभी राहिली की मधे तीन बोटं जागा. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली की पाय सरळ. दोन्ही वेळा मावशींनी वाकून बघितलं, आणि "जा" म्हणाल्या.

आज तिसरा दिवस. दुपारी फोन आला. "मम्मी, पोचले! लेण्यापुढंच उभी आहे." मी गुडघ्याचं विचारलं. "गुडघा आठवलाच नाही गं. पाचोडजवळ मेंढरांचा कळप आडवा आला. थांबले, पाय टेकला, मेंढरं गेली, निघाले."

मी चप्पल घालून तडक मावशींकडं. त्या चाकाच्या तारा ताणत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "टेकला का पाय?"

"टेकला."

"डावा असंल. निघताना उजव्यानं रेटती ती."

मी तिथूनच परत फोन लावला. कोणता पाय टेकलास, म्हणून विचारलं. "हो, डावाच. पण तू का विचारतेस?"

मी फोन ठेवला. जी बाई कधी सायकलीवर बसली नाही, तिला दुकानात बसून पाचोडच्या रस्त्यावरचा पाय दिसतो.

गाठीची ती दोरी मी मागून आणली आहे. वहीत, पहिल्याच पानात ठेवली. त्या दिवशी फळीऐवजी ही वही दिली असती, तरी काही बिघडलं नसतं.