महाशोधचा मान

यवतमाळच्या बसस्टँड चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. त्यांवरचा माणूस धडाडीचा असतो, लाडका असतो, युवकांचं आशास्थान असतो. तो करतो काय, हे मात्र कुठंच लिहिलेलं नसतं. इथल्याच लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या ऑफिसचे साहेब याच शाळेत शिकलेले.

आम्ही सॉफ्टवेअर करतो. तेव्हा हैदराबादच्या एका कंपनीचं काम दारात येऊन उभं होतं. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांसाठीचं त्यांचं जुनं, अवाढव्य सॉफ्टवेअर. त्याच्या कोडमधली हवी ती जागा शोधून दुरुस्ती करणारा एआय एजंट त्यांना हवा होता. डेमो जमला तर काम आमचं. नाही जमला तर लोहाऱ्याची शाखा बंद आणि सगळे पुण्याला, असं मालकांनी सरळ सांगितलं होतं. मला पुण्याला जायचं नव्हतं. बायको इथल्या शाळेत शिक्षिका, आईबाबा इथे, आणि खुराड्याएवढ्या फ्लॅटात राहून ‘मोठ्या शहरात असतो’ म्हणून मिरवायची हौस मला अजिबात नव्हती.

कोड शोधायला एजंटच्या हाताशी तीन टूल होती. एक नावावरून फाईल शोधणारं, दुसरं फाईलींच्या आतला नेमका शब्द शोधणारं, आणि तिसरं ‘महाशोध’. हे साहेबांनी स्वतः, ऐन उमेदीत लिहिलेलं. ते प्रश्नाचा अर्थ लावून उत्तर देई, पण कोडच्या कधीकाळच्या जुन्या प्रतीत पाहून. कोणतं टूल कधी उचलायचं, हे एजंटला कळतं ते फक्त टूलसोबत लिहिलेल्या चार ओळींवरून. त्या ओळी साहेबांच्या होत्या: ‘अत्यंत शक्तिशाली व सर्वसमावेशक शोध. सर्व कामांसाठी उपयुक्त.’ तिन्ही टूलना हेच, कारण कोणाला कमी लेखायचं नाही. महाशोधला फक्त ‘अद्वितीय’ जास्तीचं.

आम्ही एजंटला विचारलं, ओलाव्यापोटी कापसाच्या वजनात कपात होते ती कोडमध्ये कुठे? त्यानं अर्थातच अद्वितीयाला गाठलं आणि कधीच काढून टाकलेल्या एका फाईलचं नाव छातीठोकपणे सांगितलं.

मग मी वर्णनं नव्यानं लिहिली. पहिल्याला लिहिलं, ‘फाईलचं नाव ठाऊक असेल तेव्हाच वापरा. आतला मजकूर यात शोधता येत नाही.’ दुसऱ्याचंही तसंच. महाशोधला लिहिलं, ‘जुन्या प्रतीत पाहतं. उत्तर चुकू शकतं. दुसरं काही चाललं नाही तरच वापरा.’

कुठलाही बदल आधी साहेबांना विचारायचा, हा ऑफिसचा रिवाज; म्हणून त्यांना दाखवलं. साहेबांनी वाचून चष्मा काढला. “हे ‘येत नाही’ काहून लिहिलं?”

“साहेब, काय जमत नाही ते नाही सांगितलं, तर एजंट भलत्याच कामाले लावते त्याले.”

“अबे, लग्नाच्या पत्रिकेत लिहितेत का, नवरदेवाले काय येत नाही ते?”

लिहायला हवं, असं माझं प्रामाणिक मत आहे. पण ते मी गिळलं आणि नेहमीसारखी वर्णनं माझीच ठेवली.

रंगीत तालमीत एजंट सुतासारखा सरळ चालला. कपातीची जागा त्यानं अचूक काढली. सगळे खूश, साहेब तेवढे लग्नात मानाची दुपट्टा-टोपी न मिळालेल्या सोयऱ्यासारखे बसून.

“मायं टूल एकदाही नाही बलावलं?” ते म्हणाले. “पह्यले मान त्याचा. नाही त डेमो-फिमो काही नाही.”

मला भयंकर संताप आला. एका टूलच्या मानपानापायी मी घरदार उचलून पुण्याला जायचं! त्याच तिरीमिरीत मी महाशोधचं वर्णन पुसलं आणि दोनच ओळी लिहिल्या: ‘सर्वांत आधी हे वापरा. उत्तर बाजूला ठेवा.’ साहेबांनी पडद्यावर नजर टाकून समाधानानं मान डोलावली. दुसऱ्या ओळीपर्यंत ते पोचलेच नाहीत, असं मी धरून चाललो.

डेमोला हैदराबादच्या मॅडम आल्या. त्यांनी प्रश्न टाकला, आणि एजंट काय करतोय ते भिंतीवर ओळीनं उमटू लागलं. ‘सूचनेप्रमाणे आधी महाशोधला विचारलं. सूचनेप्रमाणे त्याचं उत्तर बाजूला ठेवलं. आता शोध सुरू करतो.’ पुढे उत्तर बरोबर आलं, पण मॅडमचं बोट दुसऱ्या ओळीवर अडलं.

“जवाब बाजू में रखना है, तो पूछते क्यों हैं?”

साहेब पहिल्याच खुर्चीत. आता गेलं काम, आता पुणं, एवढंच डोक्यात.

साहेब मागे वळले, आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, ये हमारे ऑफिस का कायदा है. बरसों से ऐसाच चलता है.”

मॅडम खळखळून हसल्या. काम मिळालं, पुणं टळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे मी एका बदलाबद्दल विचारायला साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगून झालं. साहेबांनी मान वर केली नाही.

“इचारून झालं?” ते म्हणाले. “जाय आता, कर तुले करायचं ते.”