वर्कहाउसमधले आमचे बुधवार

मी आठवड्यातून एकच दिवस, बुधवारी, म्युझियममध्ये फुकट काम करते आणि उरलेले सहा दिवस तिथल्या गोष्टी सांगत बसते. नवरा म्हणतो, "डॉक्टरकी करत होतीस तेव्हा इतकं बोलत नव्हतीस!" खरंय. पण तेव्हा एक-दोन किस्से साठायचे, आता पोतं भरलंय.

आमचं म्युझियम म्हणजे इंग्लंडमधल्या आमच्या गावाबाहेरचं जुनं वर्कहाउस, गरिबांना ठेवायची जागा. व्हिक्टोरिया राणीच्या काळात एकीकडे गिरण्या, रेल्वे, बंगले उभे राहत होते आणि दुसरीकडे खायला महाग झालेली माणसं या दारातून आत येत होती. आत आलं की नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या, मुलं तिसरीकडे. काम केलं तर जेवण.

*

शाळेच्या ट्रिपला आम्ही त्या काळची ओट्सची पातळ पेज चाखायला देतो. मुलांना गरिबी कळावी म्हणून. पहिल्यांदा ती करायची पाळी माझ्यावर आली. ओट्स, पाणी, मीठ. बस! पोरांपुढे असलं काही ठेवायला माझा हात धजेना. चमचाभर तूप आणि जिऱ्याची फोडणी घातली, थोडं आलं किसलं.

मुलांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या. एकाने फीडबॅक फॉर्मवर लिहिलं, "वर्कहाउस मस्त होतं. मला इथे राहायला आवडेल."

आमचा प्रमुख केन कपाळाला हात लावून म्हणाला, "डॉक्टर, सगळा इतिहास तुम्ही एका फोडणीत बिघडवलात!"

*

एकदा लंडनजवळच्या रीडिंग गावाहून एक सॉफ्टवेअरवालं जोडपं आलं, पुण्याहून आलेल्या सासूबाईंना घेऊन. मराठी माणसं बघून मला चेव चढला. नवरा-बायकोची ताटातूट मी अगदी रंगवून सांगितली.

सासूबाईंनी विचारलं, "अहो, आणि सासूला कुठे ठेवायचे?"

"बायकांच्या बाजूला. सुनेबरोबरच!"

सून एकदम बोलून गेली, "बाप रे, म्हणजे खरंच हाल होते हो!"

सगळ्यांत मोठ्याने हसल्या त्या सासूबाईच.

*

हॉलमध्ये एका गिरणीमालकाचं तैलचित्र आहे. त्याच्या देणगीतून आमची एक विंग बांधलेली. मी केनला म्हटलं, "मी नागपूरची. त्या काळात आमच्याकडचा कापूस इकडच्या गिरण्यांत यायचा, ठाऊक आहे ना?"

केनने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे ही इमारत थोडी तुमचीही! छान. मग आज टॉयलेट साफ करायची पाळी मालकांची."

*

हीच इमारत पुढे हॉस्पिटल झाली होती. नागपूरहून आल्यावर माझी पहिली नोकरी इथलीच. एक म्हातारे आजोबा अँब्युलन्सचं दार सोडेनात. "मी जन्मभर काम केलंय. मला इथे टाकू नका!"

मला वाटलं, आजोबा भ्रमात आहेत. मी पुस्तकाप्रमाणे सुरू केलं: आज वार कोणता? पंतप्रधान कोण? त्यांनी सगळी उत्तरं बरोबर दिली आणि पुन्हा रडायला लागले.

वॉर्डात चहा देणाऱ्या डोरीनने मला बाजूला घेतलं. "डॉक्टर, त्यांना हॉस्पिटल दिसत नाहीये, वर्कहाउस दिसतंय. सांगा, बरं वाटलं की घरी सोडणार. आणि बायको रोज भेटायला येऊ शकते."

मी तसं सांगितलं. आजोबांनी दार सोडलं. कुठल्या कॉलेजात मला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्या बाईचे उपकार मी अजून विसरलेले नाही.

*

डोरीनने ऐंशी ओलांडली, तरी म्युझियमचा टी काउंटर तीच सांभाळते. मी रिटायर झाल्यावर तिनेच मला इथे ओढलं. "घरी बसून नवऱ्याचं डोकं खाण्यापेक्षा इथे ये!"

पण इतक्या वर्षांत ती अंगण ओलांडून बायकांच्या विंगमध्ये कधी गेली नाही. विचारलं की म्हणायची, "गुडघे दुखतात गं, लव्ह."

एका बुधवारी मी तिला गाडीतून घरी सोडत होते. ती समोर बघत म्हणाली, "माझी आजी तिथे माडीवर जन्मली. तिच्या आईचं लग्न झालेलं नव्हतं. माझ्या आईने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. सांगावंसं फार वाटतं गं. पण तोंड उघडलं की आईचा चेहरा दिसतो."

मी गाडी कडेला घेतली आणि तिचा हात हातात धरून बसले.

"केनजवळ बोलू नकोस," ती म्हणाली. मी नाही बोलले.

*

आणि हा किस्सा गेल्या महिन्यातला.

मी त्या काळच्या मेट्रनचा, म्हणजे वर्कहाउसच्या मुख्य बाईचा, काळा झगा घालून तीस मुलांना बायकांच्या विंगमध्ये, माडीवर घेऊन गेले होते. केन दाराशी उभा. एका मुलीला माझा काही भरवसा वाटेना. "इथे खरी माणसं राहायची? की हे सगळं नाटक आहे?"

मी उत्तर देणार तेवढ्यात मागून आवाज आला, "खरी."

डोरीन! अंगात एप्रन, एका हाताने कठडा धरलेला, धाप लागलेली.

"माझी आजी या खोलीत जन्मली," ती म्हणाली.

केन माझ्याकडे बघतोय, मी डोरीनकडे. मला धास्ती, आता कुणी फिदीफिदी हसलं तर? आजीचे वडील कुठे होते म्हणून विचारलं तर?

त्या मुलीने विचारलं, "नाव काय तिचं?"

"एडा."

मुलगी खिडकीजवळच्या रिकाम्या खाटेकडे वळली. तिचं बघून बाकीचीही वळली. आणि वर्गात पाहुणे आले की म्हणतात तशी, तीसही मुलं एका सुरात, लांबवून म्हणाली:

"गुऽऽड मॉऽऽर्निंग, एऽऽडा!"